तेल तापल्यापासून

साधं जेवण ही माणसाने माणसासाठी करून ठेवलेली फार मोठी सोय आहे. यावर आजवर एकाही जेवणाऱ्याने दुमत नोंदवलेलं नाही. (रांधणाऱ्यांकडून मत मागवण्याची पद्धत नाही.)

पुएर्तो मान्सो या बंदरगावात साध्या जेवणाचे जे काही जाणकार होते, त्यांत दॉन आबेलार्दो सेदेन्यो यांचं नाव पहिलं घ्यावं लागेल. (दॉन म्हणजे तिकडचं 'राव'.) वजनमापं खात्यात उभी हयात काढून ते निवृत्त झाले होते. गावातल्या प्रत्येक तराजूकडे त्यांनी एकदा तरी संशयाने पाहिलेलं होतं. निवृत्तीनंतर तपासायला तराजू उरले नाहीत, तेव्हा त्यांनी ओसरीवर डोलखुर्ची टाकली आणि ते सकाळपासून संध्याकाळची वाट बघू लागले.

संध्याकाळी देल्फिनाबाई घरी येत. या त्यांच्या पत्नी. चौकातल्या औषधाच्या दुकानात त्या दिवसभर काउंटरमागे उभ्या असत. दुकान सुटलं की बाजारातून मासळी नाहीतर मांस घेऊन घरी यायचं, चपला काढायच्या आणि ओसरीवर विचारायचं:

"आज काय करू रे?"

"काहीही कर," दॉन आबेलार्दो डोलणं न थांबवता म्हणत. "उगाच घाट घालू नकोस. साधंच."

'काहीही' या शब्दाची व्याप्ती सोमवारी तळलेला मासा, भात आणि पाताकोन इतकी होती. (पाताकोन म्हणजे हिरव्या केळ्याचे जाड काप, एकदा तळून, दगडाखाली चेपून, पुन्हा तळलेले. एकदा तळून भागलं असतं, पण मग ते साधं केळं झालं असतं.) मंगळवारी त्यात भाजलेलं मांस आणि मसुराची दाट आमटी येई, बुधवारी कोंबडीचा रस्सा, गुरुवारी नारळाच्या दुधातला मासा. शुक्रवारी भाजून, सोलून, वाटलेल्या शेंगदाण्यांचा रस्सा, आणि त्यात मासळीबरोबर मक्याची कणसं, रताळं, कोहळा, घरात असेल ते. शिवाय रोज लिंबू पिळलेला कांदा-टोमॅटो, कारण तोंडी लावायला काहीतरी हवंच आणि त्याला काही वेळ लागत नाही.

एकदा दुकानात मालमोजणी होती म्हणून देल्फिनाबाईंनी भात आणि वर एक तळलेलं अंडं एवढंच वाढलं. दॉन आबेलार्दोंनी तक्रार केली नाही. ते तक्रार करणाऱ्यांतले नव्हतेच. त्यांनी ताटाकडे पाहिलं, ताटाच्या आजूबाजूला पाहिलं, एकदा झाकणाखाली पाहिलं आणि मायेने विचारलं, "बरं वाटत नाहीये का तुला?"

अशा माणसाची योग्यता फार काळ ओसरीवर पडून राहणं शक्य नव्हतं. नगरपालिकेच्या असं ध्यानात आलं की गावात कोळशावर भाजलेली कोंबडी विकणाऱ्या गाड्या वाढल्या आहेत आणि घरच्या चुली लवकर विझताहेत. कारणं शोधायला एक समिती नेमली गेली. समितीने बराच काळ विचार करून असा निष्कर्ष काढला की घरचा स्वयंपाक सोपा असतो, परंतु तो सोपा असल्याचं बायकांना अधिकृतरीत्या कळवलेलं नाही. ते कळवण्यासाठी 'सुलभ गृहभोजन आयोग' स्थापन करण्यात आला.

आयोगाचे अध्यक्ष होते नगरसेवक दॉन रोसेन्दो. त्यांच्या घरी पत्नी आणि सासू अशा दोन पाळ्यांत स्वयंपाक चाले, त्यामुळे त्यांना विषयाचा दुप्पट अनुभव होता. दुसरे सदस्य प्लुतार्को मास्तर, शाळेतून निवृत्त, अविवाहित, थोरल्या बहिणीकडे जेवणारे आणि म्हणून पूर्णपणे निःपक्षपाती. तिसरे दॉन आबेलार्दो, मापनतज्ज्ञ. आयोगावर एखादी बाई असावी अशीही एक सूचना आली होती. पण जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते तिचा या विषयात हितसंबंध गुंतलेला असतो, हे मास्तरांनी दाखवून दिल्यावर सूचना करणाऱ्याने ती ओशाळून मागे घेतली.

आयोगाचं काम घरोघर जाऊन जेवण्याचं होतं. त्याला क्षेत्रपाहणी म्हणत.

मोजणीची पद्धत दॉन आबेलार्दोंनी दिली, आणि ती त्यांच्या आयुष्यभराच्या निरीक्षणावर उभी होती. ओसरीवर बसलं की आतून कढईत काहीतरी पडल्याचा चर्र असा आवाज येतो. त्यानंतर थोड्याच वेळाने जेवायला हाक येते. चर्र ते हाक हे अंतर त्यांनी वारंवार तपासलं होतं आणि ते कधीही वीस मिनिटांच्या वर गेलेलं नव्हतं. तेव्हा आयोगाने ठराव केला की स्वयंपाकाचा आरंभ तेल तापल्यापासून धरावा. तेल तापण्याच्या आधी काय घडतं याची आयोगाकडे माहिती नव्हती, आणि ज्याची माहिती नाही ते मोजू नये हा वजनमापं खात्याचा जुना नियम होता.

पहिली अडचण शेजारच्या सेनाइदाबाईंकडे आली. या विधवा होत्या, घरी शिवणकाम करत, आणि त्यांची जीभ सुईपेक्षा बारीक होती. आयोग टेबलाशी बसला तेव्हा त्या खवणीवर नारळ खवत होत्या.

"हा कुठे मोजलात तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"कोण?" अध्यक्ष म्हणाले.

"नारळ. सोलायचा, फोडायचा, खवायचा, वाटायचा, पिळायचा. तुमच्या वीस मिनिटांत हा कुठे बसतो?"

अध्यक्षांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर हसून म्हणाले, "बाई, दूध नारळात मुळातच असतं. आपण ते घालत नाही. ती निसर्गाची देणगी आहे."

"मग निसर्गालाच सांगा, पातेल्यात आणून ओत म्हणावं."

आयोगाने याची नोंद घेतली. 'नारळाचं दूध: तयार. स्रोत: निसर्ग.'

एकदा रस्ता मोकळा झाल्यावर पुढचं काम भराभर झालं. मासा साफ असतो, कारण ताटात आलेला मासा आजवर कोणीही अस्वच्छ पाहिलेला नव्हता. शेंगदाणे सोललेले असतात, तांदूळ निवडलेले असतात. मसुराच्या बाबतीत मात्र थोडा खल झाला, कारण मसूर बराच वेळ रटरटत असल्याचं सदस्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. शेवटी दॉन आबेलार्दोंनी सोडवणूक केली. मसूर शिजत असताना बाई दुसरं काम करत असते. म्हणजे तो वेळ त्या दुसऱ्या कामाला लागतो. दुसरं काम आयोगाच्या विषयात येत नाही. तेव्हा मसुराला वेळ लागत नाही. भांड्यांचा प्रश्न उद्भवलाच नाही, कारण भांडी ही जेवणानंतरची घटना होती आणि तोवर आयोग बाहेर कॉफी घेत असे.

पाहणीचे आकडे बोलके होते. भेट दिलेल्या घरांपैकी शंभर टक्के घरांत जेवण सोपं आढळलं. ज्या घरी ते विशेष सोपं आढळलं तिथे आयोग खातरजमेसाठी पुन्हा गेला. 'आपण समाधानी आहात का,' या प्रश्नाला चार टक्के स्त्रियांनी होकार दिला. (उरलेल्या शहाण्णव टक्के त्या वेळी कढईपाशी होत्या, आणि तिकडच्या आवाजामुळे त्यांचं उत्तर टेबलापर्यंत नीट पोचलं नाही.)

या सगळ्याची मिळून 'सोपी संध्याकाळ' नावाची पुस्तिका तयार झाली. छापायला देण्याआधी त्यातलं एक जेवण शब्दशः करून पाहावं, म्हणजे कोणाला बोलायला जागा राहणार नाही, असं अध्यक्षांनी सुचवलं. कोणाच्या घरी हा प्रश्नच नव्हता. मापनतज्ज्ञाच्या घरी.

दॉन आबेलार्दोंनी ही बातमी आदल्या संध्याकाळी, अगदी सहज, डोलता डोलता दिली.

"उद्या तिघं आहोत जेवायला. मला धरून."

देल्फिनाबाई चपला काढत होत्या. एक निघाली, दुसरी पायातच राहिली.

"कोणाकडे?"

"आपल्याकडेच की. नमुन्याचं जेवण आहे. नारळातला मासा, मसूर, पाताकोन, भात. फार काही नाही."

"आणि हे मला आत्ता सांगतोयस."

"मग काय महिनाभर आधी सांगायचं? वीस मिनिटांचं तर काम. पुस्तिकेत आहे अगदी तसं कर. तुझ्या मनाचं काही घालू नकोस, नाहीतर मोजणीत फरक पडतो."

"अगदी तसं?"

"शब्दाला शब्द."

"दे बघू इकडे ती," देल्फिनाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरी चप्पलही काढली.

दुसऱ्या दिवशी दुकानात, गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्यांनी ती पुस्तिका वाचली. वर्षानुवर्षं डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून त्यांची एक सवय पक्की झाली होती: लिहिलं असेल ते द्यायचं, लिहिलं नसेल ते आपल्या मनाने द्यायचं नाही. त्या मनाने देत्या, तर गावाची लोकसंख्या आज वेगळी असती. पुस्तिका त्यांनी दोनदा वाचली. मग नेहमीप्रमाणे बाजारात गेल्या. मासळीवाल्याने सवयीने सुरी उचलली, तर म्हणाल्या, "राहू दे. आहे तसाच दे."

घरी येऊन त्या हातपाय धुऊन ओसरीवर आल्या आणि दुसऱ्या खुर्चीत बसल्या. ती खुर्ची पाहुण्यांची होती. दॉन आबेलार्दोंनी बायकोला तिच्यात या वेळी बसलेलं पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते जरा अवघडले.

"सुरुवात नाही केलीस?"

"सुरुवात तेल तापल्यापासून असते. तूच लिहिलंयस. पाहुणे आले की ठेवते तेल."

दॉन आबेलार्दोंचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत त्यांचं म्हणणं घरात कोणी इतकं मनावर घेतलं नव्हतं. दोघं थोडा वेळ शेजारी शेजारी डोलत बसले. समुद्रावरून वारा येत होता. संध्याकाळ एवढी लांब असते हे देल्फिनाबाईंना ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

अध्यक्ष आणि मास्तर इस्त्रीचे सदरे घालून आले. तिघे टेबलाशी बसले, दॉन आबेलार्दोंनी घड्याळ समोर ठेवलं. आतून आवाज आला, "तापलं." मग चर्र झालं, नेहमीपेक्षा जरा मोठं. मास्तरांनी डोळे मिटून मान हलवली.

वीस मिनिटं व्हायच्या आत ताटं आली.

मासा अख्खा होता. खवले, पर, कल्ले आणि पोटातलं सगळं सामान जागच्या जागी. शेजारी हिरवी केळी होती, सालीसकट तळलेली, काळी आणि टणक. भात शिजलेला होता, पण त्याचा रंग पोत्याचा होता आणि मधूनमधून त्यात खडे चमकत होते. बाजूच्या वाटीत मसूर. टेबलाच्या मधोमध शेंडीसकट एक नारळ.

मग अध्यक्षांनी वाटी हलवून पाहिली.

"देल्फिनाबाई, मसूर वाजताहेत."

"वाजणारच. पुस्तिकेत आहे, शिजलेले मसूर घ्यावेत. मी बाजारभर विचारलं. कोणाकडेच शिजलेले नव्हते. मग होते ते घेतले."

"आणि हा मासा," अध्यक्ष आवाज खाली आणून म्हणाले, "हा बघतोय माझ्याकडे."

"त्यालाही वेळ दिला मी. 'साफ मासा' असं लिहिलंय, साफ करावा असं कुठे नाही. बराच वेळ टोपलीत ठेवून वाट पाहिली, आता होईल, मग होईल. नाही झाला."

मास्तरांनी धीर करून एक घास तोडला होता. तो त्यांनी रुमालात परत घेतला. दातात अडकलेला खवला जिभेने काढायचा प्रयत्न करत त्यांनी विचारलं, "नारळाचं दूध?"

"ते निसर्गाकडून यायचंय," देल्फिनाबाई म्हणाल्या. "नारळ ठेवलाय समोर. मी मध्ये पडले नाही."

दॉन आबेलार्दो कानापर्यंत लाल झाले. "देल्फिना, काय मांडलंयस हे? चारचौघांत लाज काढतेस माझी?"

"का रे बाबा? शब्दाला शब्द म्हणालास. एक तरी शब्द चुकला असेल तर दाखव." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "मिनिट-दोन मिनिटं उरलीसुद्धा आहेत. तेवढ्यात भांडी घासून घ्या." त्यांनी कमरेचा फडका सोडून खुर्चीच्या पाठीवर टाकला. "मी सेनाइदाकडे चालले जेवायला. तिच्याकडे शेंगदाण्याचा रस्सा आहे. दुपारपासून चाललाय."

दारातून त्या वळल्या. एवढंच म्हणाल्या, "चाकू दुसऱ्या खणात आहे. पहिल्यात शोधत बसशील."

गणसंख्या पूर्ण असल्याने आयोगाने जागीच बैठक घेतली. कोंबडीच्या गाडीवर जावं, हा प्रस्ताव मास्तरांचा. तो फेटाळावा लागला, कारण आयोगच त्या गाड्यांच्या विरोधात स्थापन झालेला होता आणि गाडीवाला अध्यक्षांना चांगला ओळखत होता. आपापल्या घरी जावं, तर अध्यक्षांच्या पत्नीने आणि सासूने 'हे आज बाहेर जेवणार' म्हणून आनंदाने चूल विझवलेली होती, आणि मास्तरांची बहीण प्रार्थनेला गेली होती. उरला तिसरा पर्याय, स्वतःच करून खाण्याचा. तो दोन विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. विरोधी मत अध्यक्षांचं होतं, म्हणून त्यांना देखरेख देण्यात आली.

मास्तरांकडे नारळ आला. त्यांनी तो आधी पायरीवर आपटला, मग भिंतीच्या कोपऱ्यावर. भिंतीचा पोपडा पडला. शेवटी दॉन आबेलार्दोंनी कपाटातून खात्याने निवृत्तीच्या वेळी दिलेलं पितळी प्रमाणित वजन काढून दिलं. त्या वजनाने आजवर गावातल्या खोट्या मापांखेरीज काहीही फोडलेलं नव्हतं. चौथ्या घावाला नारळ फुटला आणि त्यातली निसर्गाची सगळी देणगी अध्यक्षांच्या सदऱ्यावर गेली.

मासा दॉन आबेलार्दोंकडे होता. खवले काढावेत तर ते तेलात भाजून अंगाला घट्ट बसलेले. त्यांनी चाकूच्या धारेने खरवडले, मग पाठीने, मग नखांनी. खवले निघाले ते चष्म्यावर, भुवयांत, भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीवर उडाले. पोट उघडताना पराचा काटा अंगठ्यात गेला, हात हिसकला, आणि आतली पित्ताची पिशवी फुटली. ते पित्त होतं हे त्यांना चव घेतल्यावर कळलं. मध्येच त्यांनी घड्याळ पाहिलं, कानाशी धरलं, आणि ते चालू आहे असं आढळल्यावर पालथं घालून ठेवलं.

मसूर शिजत होते. अध्यक्ष त्यांच्यावर देखरेख करत होते, म्हणजे दर थोड्या वेळाने झाकण काढून त्यांना 'झाले का' असं विचारत होते. शेजारची घरं जेवून, भांडी आवरून ओसऱ्यांवर येऊन बसली, तरी मसूर काही दाद देईनात. अखेर तिघांनी भात खाल्ला, खडे निवडत, लिंबू पिळून. तोंडी लावायला ओल्या खोबऱ्याचे तुकडे होते. खवायचं कोणी नाव काढलं नाही.

"माझी बहीण," प्लुतार्को मास्तर मध्येच म्हणाले, "हे रोज करते?"

दॉन आबेलार्दोंनी भातातला आणखी एक खडा काढून कडेला ठेवला. थोड्या वेळाने मास्तरच म्हणाले, "गुडघे दुखतात तिचे. मला वाटायचं, वयाने."

अध्यक्ष खोकले आणि उशीर होतो म्हणून उठले. मास्तरही त्यांच्यामागे गेले. ओट्यावर, टेबलावर आणि जमिनीवर मिळून घरातली झाडून सगळी भांडी पडली होती. आपल्या घरात इतकी भांडी आहेत हे दॉन आबेलार्दोंना माहीत नव्हतं. ते त्या सगळ्यांच्या मध्ये, हाताला फडकं गुंडाळून, बसून राहिले. त्यांना रडू आलं नाही. पण नाक मात्र दोनदा पुसावं लागलं, आणि त्याला माशाचा वास येत होता.

देल्फिनाबाई परतल्या. त्यांनी ओटा पाहिला, भिंत पाहिली, नवऱ्याच्या भुवईवरचा खवला पाहिला. कपाटातून औषधाची डबी आणली आणि त्यांचा हात पुढ्यात ओढून घेतला.

"हा चाकू बोथट आहे. बोथट चाकू हातात घुसतो," अंगठा पुसत त्या म्हणाल्या. "धार लावून आण म्हणून किती वेळा सांगितलं तुला?"

त्यांनी सांगितलं होतं. वर्षाच्या सुरुवातीला सांगितलं होतं, त्याच्या आदल्या वर्षीही. आणि 'आणतो की, एवढी काय घाई,' असं आपण डोलत डोलत म्हणाल्याचं दॉन आबेलार्दोंना लख्ख आठवलं. एवढंच नव्हे, चाकूसाठी धारवाला शोधायला ते घरातून उठलेही होते. वाटेत बुद्धिबळाचा डाव लागला होता.

"दुखतंय का?" देल्फिनाबाईंनी विचारलं.

"नाही."

"दुखेल. उद्या जास्त दुखेल. लिंबू लागलं की."

पुढच्या बैठकीत दॉन आबेलार्दोंनी दुरुस्ती मांडली. स्वयंपाकाचा आरंभ तेल तापल्यापासून न धरता बाजारात पिशवी हातात घेतल्यापासून धरावा, आणि शेवट शेवटचं पातेलं पालथं घातल्यावर. पट्टी बांधलेला अंगठा त्यांनी पुरावा म्हणून सादर केला.

अध्यक्षांनी दुरुस्ती शांतपणे ऐकून घेतली. त्यांच्या अंगात नवा सदरा होता.

"दॉन आबेलार्दो, तुमच्या भावनेचा मी आदर करतो. पण तसं मोजलं तर हे जेवण सोपं राहत नाही."

"नाहीच आहे ते सोपं."

"मग आपण सुलभ गृहभोजन आयोग कसे? मंजुरी सुलभतेची आहे. कठीण जेवणासाठी वेगळा आयोग लागेल, त्याला वेगळी मंजुरी लागेल. आणि एक सांगा, बायकांना हे कळून काय फायदा? त्यांना माहीतच आहे. आणि पुरुषांना कळून काय फायदा?"

दॉन आबेलार्दोंनी पट्टीचा अंगठा पुन्हा एकदा वर धरला. दुरुस्ती दोन विरुद्ध एक मतांनी पडली. मास्तरांनी मतदानानंतर त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं, "माझं मन तुमच्या बाजूने आहे. मत अध्यक्षांच्या बाजूने गेलं, एवढंच." दॉन आबेलार्दोंनी राजीनामा दिला. तो तेल तापण्याच्याही आधी मंजूर झाला.

त्या आठवड्यापासून सोमवारचा आणि गुरुवारचा मासा ते करू लागले. यात कोणाचं हृदयपरिवर्तन वगैरे शोधू नये. देल्फिनाबाईंनी दोन वार त्यांच्या गळ्यात घातले आणि त्या ओसरीवर जाऊन बसल्या, एवढंच घडलं. सुरुवातीला मासा कडू होई, मग खारट, मग कधीतरी नुसता मासा होऊ लागला. तासन्तास लागत. चार पातेली लागतील तिथे नऊ निघत. केळी चेपताना एकदा त्यांनी दगडच फोडला.

पण एक गोष्ट त्यांना फार लागली. एका गुरुवारी मासा खरोखरच बरा झाला होता. नारळाचं दूध फाटलं नव्हतं, खवला एकही नव्हता. देल्फिनाबाई दुकानातल्या खोकल्याच्या औषधांबद्दल बोलत जेवल्या, बोटं पुसली आणि उठल्या. दॉन आबेलार्दो वाट बघत राहिले.

"काही म्हणाली नाहीस," शेवटी ते म्हणाले.

"कशाबद्दल?"

"माशाबद्दल."

देल्फिनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या मनात बरंच काही आलं असावं, कारण त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ताट रिकामं आहे ना? आता काय शिक्का मारून दाखला देऊ?" आणि बाहेर ओसरीवर निघून गेल्या. जाता जाता मात्र परत वळून दारातून म्हणाल्या, "मीठ किंचित कमी होतं."

दॉन आबेलार्दोंनी त्या रात्री सगळी भांडी जरा आदळतच घासली. का आदळतो आहोत, हे त्यांना बऱ्याच पुढच्या एका गुरुवारी, देल्फिनाबाईंची भांडी इतकी वर्षं कशी वाजायची ते आठवल्यावर, कळलं.

'सोपी संध्याकाळ' यथावकाश प्रसिद्ध झाली. त्यात ऐन वेळी एक वाक्य वाढवण्यात आलं: 'पूर्वतयारी घरात आपोआप झालेली असते.' पुस्तिका हातोहात खपली. बहुतेक प्रती नवऱ्यांनी बायकांना भेट देण्यासाठी घेतल्या, आणि काही मुलांनी आयांना. आतल्या शेवटच्या पानावर वाचकांसाठी एक प्रश्न होता, 'तुमच्या घरी रात्रीच्या जेवणाला किती वेळ लागतो?' ढिगाने उत्तरं आली. जवळपास सगळ्यांनी 'फार नाही' असं लिहिलं होतं. काही प्रामाणिक लोकांनी 'माहीत नाही, हाक आली की जातो,' असं लिहिलं. आयोगाने दोन्ही एकाच रकान्यात घातली.

ही उत्तरं अर्थात तिकडची झाली. मराठी वाचकाला हे सगळं गमतीचं वाटेल, आणि ते योग्यच आहे. आपल्याकडे कोणी आयोग नेमून अशा गोष्टी करत नाही. आपल्याकडे त्या आयोगाशिवाय होतात. तरीही हे वाचून कोणाच्या मनात काही आलंच, तर गडबडून जाण्याचं कारण नाही. उठावं, आतल्या खोलीच्या दारापर्यंत जावं, चौकटीला हात टेकून 'काही मदत करू का?' असं विचारावं. आतून 'नको' असं उत्तर येतं. मग परत येऊन बसावं. (आजवर एकाही वाचकाने दुसऱ्यांदा विचारल्याची नोंद नाही.)